खिशात मावणारे रोबो

या शनिवारचा विषय उंचीला जेमतेम सहा सेंटीमीटर आहे. जपानी रोबो! कॅप्सूलमधून निघणाऱ्या पाच रोबोंचा एक नवा संच एका मित्राने तोक्योहून आणून दिला आणि त्याचा रिव्ह्यू लिहायचा असं ठरवून बसलो. पण रिव्ह्यू दोन परिच्छेदांत संपतो, आणि मग लक्षात येतं की खरी गंमत हा इवलासा प्रकार जन्माला कसा आला त्यात आहे. म्हणून आधी रिव्ह्यू उरकतो, मग इतिहास.

तर, संच चांगला आहे. मान, खांदे आणि कंबर हलतात, गुडघे हलत नाहीत. रंगकाम छातीवर स्वच्छ आहे, पाठीमागे मात्र हात आखडता घेतलाय (पाठ कोण बघतो, हा हिशोब). सांधे बॉल-जॉइंटचे, थोडे घट्ट, पण या किमतीत तक्रार नाही. पाचातला निळा सगळ्यात देखणा, आणि अर्थातच तोच लवकर हाती लागत नाही.

आता हे 'हाती लागणं' काय प्रकरण आहे? यंत्रात नाणी टाका, खिट्टी फिरवा, गोळा बाहेर पडतो. आत कोणता रोबो आहे ते फोडल्यावरच कळतं. पाचही रोबो सारख्याच प्रमाणात भरलेत असं धरलं, तर पूर्ण संच जमवायला सरासरी किती गोळे घ्यावे लागतील? कॉलेजात प्रोबॅबिलिटीचा पेपर ज्यांनी मनापासून दिलाय त्यांना आठवेल: ५ × (१ + १/२ + १/३ + १/४ + १/५), म्हणजे साधारण ११.४. एक गोळा ५०० येनला धरला तर २५०० येनचा संच सरासरी ५७०० येनला पडतो. मित्राने सात गोळ्यांत चार प्रकार मिळवले आणि पाचवा दुकानातून सुटा विकत घेतला. शहाणा माणूस!

असो. आता इतिहास.

गोष्ट सुरू होते डिसेंबर १९४५ मध्ये. युद्ध संपून चार महिने झालेत, शहरं जळालेली आहेत, धातू मिळत नाही. क्योतोजवळच्या ओत्सु गावात मात्सुझो कोसुगे नावाचे खेळणी बनवणारे गृहस्थ होते. अमेरिकन सैन्याने टाकून दिलेले खाण्याचे रिकामे डबे गोळा करून, त्यांचा पत्रा सरळ करून, त्यांनी छोटी जीप बनवली. किंमत १० येन. क्योतोच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ती हातोहात खपली. ज्या सैन्याने देश ताब्यात घेतला त्याच्याच डब्यातून त्याचीच जीप, आणि घेणारी पोरं हरलेल्या देशाची! हसावं की रडावं कळत नाही.

पत्र्याची खेळणी ही पुढे जपानच्या निर्यातीची मोठी बाब झाली. १९४७ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच खेळण्यांवर 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असा शिक्का आहे. याच सुमाराचा 'अॅटॉमिक रोबो मॅन' संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. जेमतेम पाच इंची, चावीवर चालणारा. त्याच्या खोक्यावरच्या चित्रात रोबोच्या मागे अणुस्फोटाचा ढग दाखवलाय. हिरोशिमानंतर अवघ्या काही वर्षांत जपानी कारखान्यात हे खोकं छापलं जात होतं, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला 'अॅटॉमिक' हा शब्द आवडत होता. माझ्या मते जपानी रोबो-खेळण्यांच्या इतिहासातलं हे सगळ्यात अस्वस्थ करणारं खोकं आहे.

पण हे रोबो दिसायला अमेरिकन होते. चौकोनी डोकं, छातीवर मीटर, हातांना चिमटे. अस्सल जपानी रोबो आला कॉमिक्समधून, आणि इथे आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल असा एक मुद्दा आहे. तीन कॉमिक्स, तीन आर्किटेक्चर.

पहिला, ओसामु तेझुकांचा 'अॅटम' (१९५२). हा स्वतः विचार करतो, त्याला भावना आहेत. म्हणजे पूर्ण स्वायत्त सिस्टीम. दुसरा, मित्सुतेरु योकोयामांचा 'तेत्सुजिन २८' (१९५६). हा युद्धकाळात जपानी लष्करासाठी बनवलेला राक्षस, स्वतःची अक्कल शून्य. एका मुलाच्या हातात रिमोट असतो, आणि रिमोट ज्याच्या हाती त्याचं तो ऐकतो. वाईट माणसाच्या हाती रिमोट गेला की संपलंच! (सिक्युरिटीवाल्यांनी यावर एक अख्खं प्रेझेंटेशन करावं.) तिसरा, गो नागाईंचा 'माझिंगर झी' (१९७२). यात मुलगा एका छोट्या विमानातून येऊन रोबोच्या डोक्यात बसतो आणि त्याला गाडीसारखा चालवतो.

हा तिसरा बदल खेळण्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठा. अॅटमशी मैत्री करायची असते, तेत्सुजिनला हुकूम द्यायचा असतो, पण माझिंगर म्हणजे तुम्ही स्वतःच. आणि विमान डोक्यात बसवणं ही कृती टीव्हीवर बघण्यापेक्षा हाताने करण्यात जास्त मजा!

आता पैशाकडे वळू. १ जानेवारी १९६३ ला अॅटम टीव्हीवर आला तेव्हा तेझुकांनी एपिसोड खर्चापेक्षा कमी किमतीला विकले आणि तूट बाकीच्या मार्गांनी भरून काढली. मेइजी कंपनीच्या चॉकलेटबरोबर मिळणारे अॅटमचे स्टिकर पोरांनी वेड्यासारखे जमवले. इथून एक पायंडा पडला: कार्टून स्वस्त, कमाई वस्तूंवर. सत्तरच्या दशकात याचा अर्थ असा झाला की कार्टूनचा खरा मालक खेळणी बनवणारी कंपनी.

बंदाईची 'पॉपी' नावाची उपकंपनी १९७१ मध्ये निघाली. तिने १९७३ मध्ये माझिंगरचा साठ सेंटीमीटर उंचीचा पुतळा काढला. कशाचा? शांपूच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या आणि ज्या पद्धतीने बनतात, त्याचाच. पोकळ, हलका, स्वस्त आणि भव्य. १९७४ मध्ये त्याच कंपनीने उलटं टोक गाठलं. बारा-तेरा सेंटीमीटरचा, जस्ताच्या मिश्रधातूचा, हातात घेतल्यावर वजन जाणवणारा माझिंगर. नाव दिलं 'चोगोकिन', म्हणजे महा-मिश्रधातू. कथेत माझिंगर ज्या काल्पनिक धातूचा बनलेला असतो त्याचंच हे नाव! कात्सुशी मुराकामी या डिझायनरचा या मालिकेत मोठा वाटा होता. मनगट स्प्रिंगने उडायचं. साठ सेंटीमीटरच्या शांपूच्या बाटलीला मुठीएवढ्या जस्ताने हरवलं. लहान वस्तू जड असली की ती मौल्यवान वाटते, हे आपल्याकडे सोनाराच्या दुकानात बसलेल्या कुठल्याही आजीला विचारा.

त्याच वेळी दुसरीकडे वेगळंच चाललं होतं. ताकारा कंपनी अमेरिकेच्या हॅस्ब्रोचा 'जीआय जो' हा फूटभर उंच सैनिक जपानात विकत होती. त्याच सांगाड्यावर पारदर्शक शरीर चढवून तिने १९७२ मध्ये एक सायबॉर्ग काढला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. प्लास्टिक तेलातूनच येतं, त्यामुळे फूटभर उंचीची खेळणी एकदम महाग झाली. १९७४ मध्ये ताकाराने 'मायक्रोमॅन' आणला, उंची दहा सेंटीमीटर. आणि कारण काय सांगितलं? हे लोक परग्रहावरचे आहेत आणि त्यांची खरी उंचीच दहा सेंटीमीटर आहे. म्हणजे हे मॉडेल नाही, हा प्रत्यक्ष तोच! मेमरी कमी पडली म्हणून फीचर कापायचं आणि रिलीज नोटमध्ये 'नवीन सुटसुटीत डिझाईन' असं लिहायचं, त्यातला हा प्रकार. फक्त ताकाराने तो इतक्या प्रेमाने केला की कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

या गणितात सगळेच जिंकले असं मात्र नाही. १९७९ मध्ये योशियुकी तोमिनोंचं 'गंडाम' आलं. पैसे देणारी कंपनी होती क्लोव्हर. तिला लहान मुलांना विकायची खेळणी हवी होती, तोमिनोंना युद्धाची गोष्ट सांगायची होती, ज्यात दोन्ही बाजूंची माणसं मरतात. गंडामच्या अंगावरचा लाल, निळा, पिवळा रंग हा खेळणी खपावीत म्हणून झालेल्या तडजोडीतून आलाय. तरी खेळणी खपली नाहीत. ५२ भागांची मालिका ४३ भागांत गुंडाळली, जानेवारी १९८० मध्ये संपली. मग जुलै १९८० मध्ये बंदाईने ३०० येनचं, घरी जोडायचं प्लास्टिक मॉडेल काढलं आणि जपान वेडा झाला. गिऱ्हाईक होतं, पण ते पाच वर्षांचं नव्हतं, पंधरा वर्षांचं होतं! क्लोव्हरला त्याचा उपयोग झाला नाही, १९८३ मध्ये तिचं दिवाळं निघालं.

ताकातोकु या कंपनीची कथाही अशीच. शोजी कावामोरींनी 'मॅक्रॉस' (१९८२) साठी विमानाचा रोबो होणारं एक अप्रतिम यंत्र डिझाईन केलं, ताकातोकुने त्याचं तितकंच अप्रतिम खेळणं बनवलं, आणि १९८४ मध्ये कंपनी बुडाली. ते खेळणं मात्र बुडालं नाही. १९८५ मध्ये ते अमेरिकेत 'जेटफायर' या नावाने ट्रान्सफॉर्मर म्हणून विकलं गेलं.

हो, ट्रान्सफॉर्मर्स! ते मुळात अमेरिकन नाहीतच. ताकाराच्या दोन जपानी मालिका होत्या, 'डायाक्लोन' आणि मायक्रोमॅनची धाकटी शाखा 'मायक्रो चेंज'. ऑप्टिमस प्राईम पहिल्या घरातला, बंबलबी आणि पिस्तुलाचा मेगाट्रॉन दुसऱ्या. हा सौदा जमवण्यात हेन्री ओरेनस्टाईन या खेळणी-संशोधकाचा मोठा हात होता. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आला होता. हॅस्ब्रोने दोन्ही मालिका एकत्र केल्या, मार्व्हल कॉमिक्सच्या लोकांकडून नावं आणि गोष्ट लिहून घेतली आणि १९८४ मध्ये बाजारात आणली. एक गोष्ट मात्र वाटेत गळाली. १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत दुसऱ्याच एका खेळण्याचं स्प्रिंगने उडणारं क्षेपणास्त्र घशात अडकून एक लहान मुलगा दगावला होता. त्यानंतर उडणाऱ्या मुठी आणि क्षेपणास्त्रांचा जोर तिकडे काढून घेतला गेला. खेळण्यांच्या जगात सेफ्टीचे बरेच नियम असेच एखाद्या घरातल्या दुःखातून आलेले असतात.

आणि आपला संबंध? ज्या जीआय जोच्या सांगाड्यातून मायक्रोमॅनचा वंश सुरू झाला, त्या घराण्यातले पुढचे छोटे सैनिक भारतात फनस्कूलने बनवले. फनस्कूलचा कारखाना गोव्यात. त्यामुळे तुमच्या लहानपणीच्या खोक्यात एखादा हात तुटलेला सैनिक असेल तर तो ऑप्टिमस प्राईमचा लांबचा चुलतभाऊ समजायला हरकत नाही.

आता कॅप्सूल. ही यंत्रं १९६५ मध्ये अमेरिकेतून जपानात आली. तेव्हा १०-२० येनचा मामला होता, माल यथातथाच. १९७७ मध्ये बंदाई यात उतरली ती थेट १०० येनचं यंत्र घेऊन, आणि त्या पैशांत बरा माल द्यायला लागली. १९८३ पासून किन्निकुमानचे रबरी पहिलवान निघाले, १९८५ मध्ये मोठ्या डोक्याचे बुटके गंडाम. १९९९ मध्ये ओसाकाच्या काइयोदो कंपनीने चॉकलेटच्या अंड्यात जपानी प्राण्यांचे इतके बारकाईने घडवलेले पुतळे घातले की मोठी माणसं रांगा लावायला लागली. आजच्या सहा सेंटीमीटरच्या रोबोतली कारागिरी बरीचशी त्या अंड्यातून आली आहे.

मोठी माणसं. इथेच सगळी कथा येऊन पोचते. चोगोकिन निघाला त्या काळात जपानमध्ये दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं जन्माला येत होती. १९७३ चा आकडा साधारण २०.९ लाख. २०२३ मध्ये तो ७.३ लाखांच्या खाली गेला. ज्यांच्यासाठी हे सगळं बनलं ती पोरं आता पन्नाशीत आहेत आणि तीच अजून गिऱ्हाईक आहेत. २०२१ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरोमध्ये ३,०१० कॅप्सूल यंत्रांचं दुकान उघडलं, गिनीज बुकात नोंद झाली. तिथे तुम्ही-आम्ही, म्हणजे पगारदार माणसं, नाणी टाकताना दिसतात. वस्तू लहान, किंमत किरकोळ, मॉनिटरखाली मावणारी. हे डिझाईन पोरांच्या मुठीसाठी नाही, आपल्या डेस्कसाठी आहे.

यात वाईट वाटून घ्यायचं की नाही, मला ठरवता येत नाही. कोसुगेंनी डबे गोळा केले तेव्हा देशात पोरं होती आणि पत्रा नव्हता. आज माल हवा तेवढा आहे. म्हणून माझी शिफारस एवढीच: संच घ्या, पण पाचवा मिळेपर्यंत यंत्रासमोर उभे राहू नका, सुटा विकत घ्या. आणि डबल निघालेले साठवून ठेवण्यापेक्षा सोसायटीतल्या एखाद्या पोराला देऊन टाका. तो पहिल्या दिवशी त्याचा हात तोडेल. तोडू दे.