दात राखण्याची गोष्ट

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. नशिबाच्या उफराट्या चालीबद्दल ती आहे. पण तिच्यात एक गोष्ट आपण गृहीतच धरली आहे. केस जसे पिकायचेच, तसे दात जायचेच. हजारो वर्षं ते खरंही होतं. दात दुखला की तो काढायचा, एवढंच माणसाच्या हाती होतं. दुखरा दात काढण्याऐवजी राखायचा, हा विचार जुना असला तरी तो साधण्याची विद्या जेमतेम दोनशे वर्षांची आहे. आज मी तिची गोष्ट सांगणार आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. दातांशी माझा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. त, थ, द, ध, न, ल, स या वर्णांना आपल्या व्याकरणाने ‘दंत्य’ असं नावच दिलं आहे. मराठीत तर च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ या आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या ‘चारा’तला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि वेगळा ज उच्चारून ‘जग’ म्हटलं तर अर्थ होतो ‘जिवंत राहा’. हा फरक जीभ दातांच्या आधाराने करते. आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या गाण्यांना आवाज देणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. गाणी त्यांना शेवटपर्यंत पाठ होती, पण पुढचे दात गेल्यावर शब्द कळेनासे झाले. दात जातात तेव्हा फक्त चणे जात नाहीत, शब्दही जातात.

आपण म्हणतो, ‘दात किडला’. या शब्दातच एक जुनी समजूत दडली आहे. दातात किडा शिरतो आणि आतून पोखरतो, असं बाबिलोनपासून चीनपर्यंत सगळीकडे मानलं जाई. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा ‘पाडत’ असत. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांनी होई. 1728 साली फ्रान्समधल्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि सांगितलं की, असा किडा आपल्याला कधी आढळला नाही. खरं कारण कळायला आणखी दीडशे वर्षं लागली. 1890 साली बर्लिनमध्ये काम करणारे डब्ल्यू. डी. मिलर यांनी मांडलं, की तोंडातले सूक्ष्म जंतू गोड आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे कीड बाहेरून शिरत नाही. ती आपल्याच घासावर पोसली जाते.

कारण माहीत नसतानाही माणसाने उपाय शोधले होते. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे नऊ जणांचे अकरा दात सापडले. त्यांत व्यवस्थित भोकं पाडलेली आहेत. 2006 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे संशोधन आलं. हे दात साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे, आणि भोकं पाडली आहेत गारगोटीचं टोक असलेल्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने. मणी पाडणाऱ्या कारागिराचंच ते हत्यार असावं. आपल्या वाग्भटाने पोकळ दातात गूळ किंवा मेण भरून तापल्या सळईने डागायला सांगितलं आहे. डागणं सोडलं, तर ‘पोकळी भरा’ हा विचार तिथे आहेच. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कुर्तुब्याचे हकीम अल् जहरावी हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधत आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा कोरलेला दात बसवता येतो, असं लिहून गेले.

अडचण होती ती भरायचं काय याची. सोन्याचा वर्ख ठोकून भरत, पण तो श्रीमंतांसाठी. 1826 साली पॅरिसमध्ये चांदी आणि पारा यांचं मिश्रण पुढे आलं. मऊ असताना दातात दाबायचं, मग ते घट्ट होतं. आपले लोक ज्याला ‘चांदी भरली’ म्हणतात, ती हीच. 1833 साली दोन भावांनी ती अमेरिकेत नेली. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने 1845 साली आपल्या सभासदांकडून ती न वापरण्याची लेखी हमी मागितली. दात वाचण्यापेक्षा धंद्याची चिंता त्यात कमी नव्हती. भांडण इतकं पेटलं, की 1856 पर्यंत संघटनाच मोडली आणि चांदी टिकली. 1895 साली ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनी तिच्यातल्या धातूंचं प्रमाण नीट बसवलं आणि पुढची शंभर वर्षं गरिबाचा दात तिनेच वाचवला. आज पाऱ्यामुळे ती मागे पडते आहे. पाऱ्याचा वापर कमी करणाऱ्या मिनामाता कराराला भारताने 2018 साली मान्यता दिली.

भरण्याआधी किडलेला भाग कोरून काढावा लागतो. 1871 साली जेम्स मॉरिसन यांनी शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं कोरणयंत्र केलं. 1957 साली हवेच्या दाबावर मिनिटाला अडीच-तीन लाख फेरे घेणारं यंत्र आलं. त्याचं ‘एअरोटर’ हे नाव आपल्याकडच्या दवाखान्यांत अजून ऐकू येतं. क्ष-किरण 1895 च्या अखेरीस सापडले आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 1896 मध्ये, त्यांनी दाताचा पहिला फोटो निघाला. 1943 साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झालं. आज दात बधिर करायला मुख्यत: तेच वापरतात. दिसायला लागलं, दुखायचं थांबलं, तेव्हाच दाताच्या मुळाची नस साफ करून दात जागेवर राखणं सामान्य माणसाला सोसवू लागलं.

आपल्या देशात ही विद्या आणली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. ढाक्याकडचा हा तरुण अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून 1915 साली दंतवैद्य झाला आणि 1920 साली त्याने कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. त्याच शहरात हे शिक्षण घेतलेल्या फातिमा जिना यांनी 1923 साली मुंबईत आपला दवाखाना उघडला. पुढे त्या राजकारणात गेल्या आणि त्यांची ती ओळख पुसली गेली. पण शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई मुंबईत लोकांचे दात भरत होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1933 साली मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. 1948 साली दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात पदवीधरांची एक यादी होती आणि पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षं हेच काम करून पोट भरणाऱ्यांची दुसरी. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं, की देशातले बहुतेक दात अजून या दुसऱ्या यादीतल्या हातांतच आहेत.

मुंबईत एवढं सगळं होत होतं, आणि समोरच्या किनाऱ्यावर? आमच्या लहानपणी या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. 1981 साली तो रायगड झाला. अलिबागकर रेवसला येऊन लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचा. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाचा एसटीत निम्मा दिवस जायचा. आता हिशेब करा. दाताची नस साफ करून तो भरायचा तर तीन-चार खेपा. काढायचा तर एक खेप. रोजंदारी बुडवून, तिकीट काढून कोण चार वेळा जाणार? आखातातून दोन महिन्यांच्या सुटीवर आलेला माणूसही म्हणायचा, ‘काढून टाका, एकदाची कटकट जाऊ द्या.’ लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला तो अंतराचा हिशेब वाटतो. पण त्या हिशेबाची सवय पडली. आज पनवेल तालुक्यात कामोठे आणि खारघरला दंत महाविद्यालयं आहेत, तालुक्याच्या गावी एअरोटर फिरतो, तरी दाताचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा, हे आपल्या मनातून जात नाही.

खरं तर याच काळात दात भरणं जास्त सोपं झालं आहे. होडी रंगवणारा माणूस आधी फळी घासून खडबडीत करतो, कारण गुळगुळीत लाकडावर रंग धरत नाही. 1955 साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दातावर हेच केलं. धातूला रंग धरावा म्हणून कारखान्यात आम्ल लावतात, ते पाहून त्यांनी दाताच्या कवचाला आम्ल लावलं. त्यावर भरलेलं द्रव्य घट्ट चिकटलं. 1962 साली राफेल बोवेन यांचं दाताच्या रंगाचं राळेसारखं द्रव्य आलं. चांदी टिकावी म्हणून दात जास्त कोरावा लागे. चिकटणाऱ्या द्रव्यामुळे किडलेला तेवढाच भाग काढून भागू लागलं. 1972 साली लंडनमधल्या विल्सन आणि केंट यांनी काचेची पूड व आम्ल यांचं सिमेंट जाहीर केलं. ते दाताला आपणहून चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइडही सोडतं.

या सिमेंटमुळेच 1980 च्या दशकात टांझानियात एक साधी पद्धत निघाली. चमच्याच्या टोकाच्या हत्याराने मऊ झालेला भाग हाताने खरवडायचा आणि सिमेंट भरायचं. वीज नको, यंत्र नको, बहुतेक वेळा सुईही नको. शाळेच्या बाकावर मूल झोपवून हे करता येतं. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने हे सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आज जबड्यात टायटॅनियमचा खुंट रोवून दात बसवता येतो, संगणकावर टोपी कोरता येते. त्याचं कौतुक आहेच. पण पाड्यावरच्या आणि कोळीवाड्यातल्या मुलाला त्या खुंटाची नव्हे, या चमच्याची गरज आहे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. श्रीवर्धनची सुपारी हे आमचं पीक आहे, अभिमान आहे. पण सुपारी चघळून गालाची आतली कातडी ताठ होते आणि हळूहळू तोंडच उघडेनासं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 2004 च्या अहवालात सुपारी स्वतःच कर्करोगकारक ठरली. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या दिसतातच. घराघरांत बायका दाताला मिश्री लावतात, ती तंबाखूच आहे. जगातलं सगळ्यात चांगलं यंत्र असलं, तरी दोन बोटं न मावणाऱ्या तोंडात डॉक्टर ते घालणार कसं?

म्हणून एक विनंती आहे. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मुलाच्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. जुना दात पाडून ती येत नाही, त्यामुळे आपण तिला दुधाचीच समजतो. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देऊ नका. दुखायची वाट न बघता त्याच आठवड्यात मुलाला दवाखान्यात न्या. तेव्हा एका खेपेत काम होतं. ती दाढ पुन्हा येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)