नादाची पाखडणी



आज कीर्तन खिशातल्या मोबाइलमध्ये मावते. परंतु नाद साठवताना यंत्र काय ठेवते आणि काय टाकते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो इतिहास थोडक्यात पाहू.

१९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार निरनिराळे ट्रॅक. गायन एकावर, वाद्ये दुसऱ्या-तिसऱ्यावर भरावी आणि मागाहून त्यांचा मेळ घालावा. स्टुडिओचे काम घरात आले. उणीव होती ती फितीच्या सळसळीची. नकलेवरून नक्कल काढली की सळसळ वाढत जाई.

पुढे १९८२ साली सीडी आली आणि नादाचे आकडे झाले. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घ्यायचे आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचे. या हिशेबाने एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ५.३ एमबी जागा लागते. चार ट्रॅकना २१ एमबी. त्या काळी घरगुती यंत्रात एवढी जागा आणायची कोठून?

यावर सोनी कंपनीने १९९२ साली मिनीडिस्कसोबत ‘ॲट्रॅक’ ही युक्ती आणली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला कळत नाही, मग तो लिहायचाच कशाला? सुपात धान्य पाखडावे तसा नाद पाखडायचा आणि सुमारे पाचवा हिस्सा ठेवायचा. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. त्यामुळे यामाहाच्या एमडी-४ सारख्या यंत्रात १४० एमबीच्या चकतीवर चार ट्रॅकची ३७ मिनिटे मावू लागली. एरवी सातही मावली नसती. १९९६ साली रोलँडचे व्हीएस-८८० आले. त्यात हार्ड डिस्कवर आठ ट्रॅक होते, आणि नाद किती पाखडायचा की मुळीच नाही, हे भरणाऱ्याने ठरवायचे होते.

माउली, या पाखडणीची खरी परीक्षा आपला टाळ घेतो. यंत्र नादाचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा पाखडते. तुकड्याच्या मध्यावर टाळाचा आघात पडला, तर पाखडणीतली चूक साऱ्या तुकड्यावर पसरते, अगदी आघाताच्या आधीच्या शांततेवरसुद्धा. मग टाळेची धार जाते आणि झणकाराऐवजी फसफस उरते. एका पाखडणीत हे बहुतेकांना जाणवत नाही. पण ट्रॅक एकत्र करताना पुन्हा पाखडले, मोबाइलवर धाडताना आणखी एकदा पाखडले, की कोंड्याबरोबर दाणेही उडतात. उडालेला दाणा कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

गावोगावी जुन्या कीर्तनकारांच्या कॅसेटी आता संगणकावर उतरवल्या जात आहेत. हे पुण्याचेच काम आहे. मात्र पहिली प्रत न पाखडता, ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. तासाभराला सुमारे ६३५ एमबी लागतील. जागा वाचवायची तर ‘फ्लॅक’ वापरा. त्यात नादाची घडी घातली जाते, काही टाकले जात नाही. वाटण्यासाठी एमपी३ खुशाल करावी, पण ती मूळ प्रतीवरून. आणि मूळ प्रत पुसू नये. गेलेल्या माणसाचा कंठ पुन्हा भरून घेता येत नाही.