चाक किती बाहेर?

मागच्या मे महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी शाळेच्या प्रयोगशाळेत आला. हातात ॲल्युमिनियमच्या दोन चकत्या. मध्ये मोठं भोक, भोवती चार लहान भोकं. ‘‘सर, व्हर्निअर आहे का जागेवर?’’ जाडी भरली १० मिलिमीटर. या चकत्यांना गॅरेजवाले स्पेसर म्हणतात. गाडीचा हब आणि चाक यांच्यामध्ये त्या बसवल्या की चाक तेवढं बाहेर येतं आणि गाडी ऐसपैस बसल्यासारखी दिसते. यानं रविवारी इमारतीखालीच जॅक लावून चारही चाकांना त्या घातल्या होत्या. त्यानंतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागलं, म्हणून पुढच्या दोन काढून आमच्याकडे आणल्या. मागच्या दोन तशाच होत्या. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन घाट चढायचा होता.

आम्ही त्याला आधी चहा दिला आणि मग पनवेलचा इतिहास ऐकवला. वैतागला असेल बिचारा! पण चाक आसावर नेमकं कुठे बसावं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलची मुख्य कारागिरी म्हणून गाड्यांच्या चाकांची नोंद आहे. देशावरून येणारा गाडीवान, परवडत असेल तर, इथून चाकांची एक जोडी घेऊनच परत जायचा, असंही तिथे म्हटलं आहे.

हे पनवेललाच का, याचं उत्तर नकाशात सापडतं. मुंबईचा माल होडीनं पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि तिथून बोरघाटानं देशावर जायचा. घाटातून चाकाच्या गाड्या नीट जातील असा रस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याआधी माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, तांड्यांनी जाई. देशावर गाडे होते, पण ते भरीव चाकांचे, अवजड आणि कित्येक बैल जुंपावे लागणारे. १८३६ च्या सुमारास सोलापूरकडे टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखाली हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनू लागल्या. रस्ता आणि गाडी या दोन गोष्टी जवळजवळ एकाच दशकात आल्या. मग घाट उतरून आलेल्या गाडीची चाकं जिथे खिळखिळी होणार, त्या घाटाच्या पायथ्याशी आणि बंदराच्या तोंडाशी सुतार-लोहारांची वस्ती वाढली तर नवल नाही. १८६३ मध्ये रेल्वेनं बोरघाट ओलांडला आणि मोठा व्यापार रुळांवर गेला. तरी चाकांचा धंदा टिकून राहिला, हे १९०८ ची नोंदच सांगते.

बैलगाडीचं चाक आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते उलगडून पाहिलेलं नसतं. मध्ये तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठे आणि सगळ्यांभोवती लोखंडी धाव. गंमत धावेत आहे. ती मुद्दामच थोडी लहान घडवतात. मग भोवती जाळ करून तिला लाल करतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर घेर सुमारे ४.७ मीटर. लोखंड दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. तापमान ५०० अंशांनी वाढवलं तर धाव सुमारे २८ मिलिमीटरनं लांब होते. थंड होताना ती तेवढीच आखडते आणि पुठे, आरे, तुंबा यांना एकमेकांवर करकचून दाबते. सांधे टिकतात ते या दाबामुळे. दहावीच्या वर्गात प्रसरण शिकवताना रेल्वेच्या फटीपेक्षा हे उदाहरण कितीतरी चांगलं आहे, असं आमचं मत.

आता तुंब्याकडे पाहा. तो लांब का असतो? बैल डुलत चालतात, रस्ता खडबडीत असतो, चाकाला सतत बाजूचे धक्के बसतात. तुंबा आखूड असता तर चाक आखावर कलंडलं असतं. तुंब्याची आतली कड आखाच्या खांद्याला टेकते आणि बाहेरून चाक निसटू नये म्हणून खीळ असते. तुंबा झिजला की चाक आत-बाहेर सरकू लागतं. मग खिळीच्या आत एखादी चकती घालून ती मोकळीक भरून काढायची. आमच्या विद्यार्थ्याच्या स्पेसरची ही दूरची आजी म्हणता येईल. पण नात फार वेगळी निघाली. गाडीवानाची चकती सैल असते, वंगणात फिरते आणि चाक होतं तिथेच ठेवते. चाक बाहेर नेणं हे तिचं काम नव्हतंच. तसं केलं असतं तर गाडी चाकोरीत बसली नसती! गावच्या सगळ्या गाड्यांची रुंदी सारखी, म्हणून मातीत दोन ठरलेल्या चाकोऱ्या पडायच्या. एक चाक चाकोरीत आणि दुसरं बाहेर, अशी गाडी ओढताना बैलांचे हाल होत.

सुरुवातीच्या कित्येक मोटारींची चाकंसुद्धा लाकडी आऱ्यांचीच होती. डनलॉपनं १८८८ साली हवेचा टायर आणला, आणि पंक्चर होणाऱ्या टायरमुळे चाक पटकन काढता-घालता येण्याची गरज निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोल्टनं जोडायचं, सुटं होणारं चाक रूढ झालं. इथे एक समज दूर करायला हवा. खुंटीवर सदरा लटकावा तसं चाक स्टडांवर लटकलेलं असतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि रबरासारखा परत आखडू पाहतो. त्या ताणानं चाक हबवर दाबलं जातं, आणि गाडी पुढे ढकलणारं बळ मुख्यतः या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून जातं. १२ मिलिमीटरच्या स्टडचा नट १०० न्यूटन-मीटर परिबलानं आवळला तर एका स्टडमध्ये सुमारे ४०,००० न्यूटन ताण येतो, म्हणजे चार टन वजनाइतका. चार स्टडांचे सोळा टन. पनवेलच्या लोहारानं धाव आखडवून जे साधलं, तेच इथे नट फिरवून साधलेलं आहे.

आणि आमच्या मित्राची चकती नेमकी तिथेच आड येत होती. आम्ही त्याला नटाचे फेरे मोजायला लावले. मूळ चाकाला नट अकरा फेरे आत जात होता. आटे दीड मिलिमीटरचे, चकती दहा मिलिमीटरची. म्हणजे जवळजवळ पावणेसात फेरे चकतीनं खाल्ले. उरले सव्वाचारच्या आसपास, लांबीत जेमतेम साडेसहा मिलिमीटर. साधारणपणे नटाची पकड स्टडच्या व्यासाइतकी तरी असावी. इथे ती निम्मीच होती. त्यानं नट ‘गच्च’ आवळले होते, पण थोड्या आट्यांवर गच्च म्हणजे ते आटे सोलून निघण्याच्या जवळ. वर गंज चढू नये म्हणून आट्यांना ग्रीस लावलं होतं! वंगण चाकाच्या आखाला लागतं, नटाला नाही. ग्रीस लावलं की त्याच परिबलाला स्टडमध्ये बराच जास्त ताण येतो आणि आपला हिशेब चुकतो.

थरथरीचं कारण दुसरं होतं. हबच्या मध्यावर एक गोल ओठ असतो. चाकाचं मधलं भोक त्यावर बरोबर बसतं आणि चाक केंद्रात राहतं. या चकतीनं तो ओठ झाकला, आणि तिला स्वतःचा ओठ नव्हता. चाक केसभर विकेंद्री बसलं की वेग वाढल्यावर ते हात हलवणारच. लांब स्टडांच्या आणि स्वतःचा ओठ असलेल्या चकत्याही मिळतात. त्यांनी हे दोन दोष जातात, तिसरा जात नाही. चाकावर ३०० किलो भार असेल आणि ते २५ मिलिमीटर बाहेर नेलं, तर बेअरिंगवर सुमारे ७५ न्यूटन-मीटरचं जादा वाकवणारं परिबल कायमचं येतं. खड्ड्यात ते कितीतरी पट होतं. बदल्यात काय मिळतं? चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५० मिलिमीटर धरा. अंतराच्या निम्म्याला उंचीनं भागलं की कलंडण्याला होणाऱ्या विरोधाचं ढोबळ माप मिळतं: १.२७. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर वाढवल्यावर १.३२. चार टक्क्यांहूनही कमी वाढ. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनाजोगे बदल करू देत नाही, तो भाग वेगळाच.

हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘दिसायला मात्र छान दिसत होती हो.’’ ते खरंच होतं, आम्हीही नाकारलं नाही. त्या संध्याकाळी शाळेच्या आवारातच मागची चाकं उतरवली. एका स्टडच्या टोकाचे आटे चपटे झाले होते, तो बदलून घ्यायला तो कळंबोलीला गेला. आम्ही त्याच्याबरोबर टॉर्क पाना धाडला आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला सांगितलं. घाटाचा बेत एक दिवस पुढे गेला.

चारही चकत्या आता आमच्या प्रयोगशाळेत आहेत. नववीची मुलं त्यांच्यावर व्हर्निअर शिकतात.