दिवाडीचे म्हाळे आणि रोमची वाट

सास्तूरच्या परिसरात वाढलेल्या माणसाला आदिलशाही म्हटली की नळदुर्ग आठवतो आणि इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर उभा राहिलेला पाणीमहाल. माझेही तसेच होते. त्यामुळे सतराव्या शतकातल्या ख्रिस्ती मिशनांविषयी वाचताना ‘इदलकां’ नावाचा धर्मप्रांत समोर आला, तेव्हा मी थबकलो. इदलकां म्हणजे आदिलखान; पोर्तुगीज जिभेवर बसलेले विजापूरच्या सुलतानाचे नाव. रोमने या राज्यासाठी बिशप दर्जाचा प्रतिनिधी नेमला होता. सतराव्या शतकाच्या मध्यावर नळदुर्ग विजापूरकरांकडे होता. म्हणजे निदान कागदोपत्री त्या बिशपांची हद्द आमच्या उंबऱ्याशी येऊन टेकत होती. त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो म्हाळे. ‘म्हाळे’ या आडनावानेच मला या घराण्याच्या मागे लावले.

म्हाळे मूळचे दिवाडीचे. मांडवीच्या पात्रातले, जुन्या गोव्यासमोरचे हे बेट. इथले सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या मुलखात, नार्व्याला गेले. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. बेटावरच्या ब्राह्मण घराण्यांपैकी जी मागे राहिली ती ख्रिस्ती झाली. मातेउस यांचा जन्म १५९४ च्या सुमाराचा, अशाच एका घरातला.

अशा घराचा दिवस कसा जात असेल? चर्चच्या घंटेवर तो बांधलेला होता. मुलांनी गावच्या चर्चशाळेत जायचे, धर्मतत्त्वे चालीवर घोकायची आणि शिकलेले रात्री घरी येऊन मोठ्यांना, गड्यामाणसांना ऐकवायचे. ही रीत फ्रान्सिस झेवियरने १५४२ पासून घालून दिली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मिशनरी होण्याचे पहिले शिक्षण सेमिनरीत नव्हे, घराच्या ओसरीवर होत होते, आणि शिक्षक होते आठ-दहा वर्षांचे पोर. बापाने मुलासमोर बसून प्रार्थना पाठ करायची! तरी जुने घर पुरते पुसले गेले नव्हते. इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात अंगणातली तुळस, धोतर नेसणे, मिठाविना भात शिजवणे, लग्नातले विडे आणि गाणी यांवर बंदी घातली. धर्मांतराला दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर अशी यादी करावी लागते, म्हणजे ते सारे चालू होते हे उघड आहे.

मातेउस यांचे पुढचे शिक्षण बारदेशात, रेइश मागुशच्या फ्रान्सिस्कन विद्यालयात झाले. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे असतील. एका इंग्रज जेझुइटाने त्यांच्या मुलखाच्या भाषेत ओव्या रचल्या होत्या. खुद्द त्या भाषेत वाढलेल्या तरुणाला मात्र धर्मगुरू होण्याची मुभा मिळेना. युरोपीय धर्मसंघांचे दरवाजे देशी माणसाला बंद होते. साधा पॅरिश धर्मगुरू होता येई, पण तोही, १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेच्या निर्णयानुसार, ब्राह्मण, परभू किंवा तशाच प्रतिष्ठित जातीतला असेल तरच. मातेउस या अटीत बसत होते. तरीही गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा यांनी त्यांना दीक्षा नाकारली.

मग त्यांनी काय केले? रोमची वाट धरली. तीही पोर्तुगीज गलबतातून नव्हे. इराण आणि पश्चिम आशिया ओलांडून, खुष्कीने. ते १६२५ मध्ये रोमला पोहोचले. वेळ अनुकूल होती. पोपने १६२२ मध्ये प्रोपगंडा फिदे ही मिशनांची मध्यवर्ती संस्था काढली होती. तिचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली यांचे ठाम मत होते, की देशी धर्मगुरू तयार झाल्याशिवाय पूर्वेकडे चर्च मूळ धरणार नाही. संस्थेचा नाना लिप्यांचा छापखाना १६२६ मध्ये आणि मिशनरी घडवणारे उर्बान कॉलेज १६२७ मध्ये सुरू झाले. पुढे १६६० पासून तिथल्या विद्यार्थ्याला शपथ घ्यावी लागे: परवानगीविना कोणत्याही धर्मसंघात शिरणार नाही, आणि मायदेशी परतल्यावरही आपल्या कामाचा अहवाल ठरल्या मुदतीत रोमला पाठवीन. युरोपबाहेर असणाऱ्यासाठी ही मुदत दोन वर्षांची होती.

मातेउस धर्मगुरू होऊन परतले तर गोव्याने त्यांची कागदपत्रे मानली नाहीत. पुन्हा रोम. १६३७ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. लॅटिन पंथातले ते पहिले भारतीय बिशप. पोर्तुगालच्या राजाला चर्चवर मिळालेले हक्क, म्हणजे पाद्रोआदो, गोव्यात आड येत होते. म्हणून ते राहिले डिचोलीत, आदिलशाहीच्या आश्रयाला. सप्तकोटेश्वर आणि त्याच बेटावरचा ख्रिस्ती बिशप, दोघांनाही नदीच्या त्याच काठावर जागा मिळाली. तिथूनच १६५३ मध्ये ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे पोर्तुगिजांविरुद्ध चिथावणी देणारे लेखन त्यांनी केले. स्वभाव तापट होता आणि भांडणाची हौसही बरीच, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे. १६५८ च्या सुमाराला ते रोमला परतले आणि तिथेच वारले.

घराण्याने वाट सोडली नाही. पुढच्या पिढीतले थॉमस द कास्त्रो रोमला शिकून आले आणि १६७७ मध्ये कानडा मुलखात, मंगळूरला बिशप म्हणून दाखल झाले. चार वर्षांनी तिथेच गोव्याच्या धर्मपीठाने दुसरा गोवेकर ब्राह्मण पाठवला, बाणावलीत जन्मलेले जुझे वाझ. त्यांनी गोव्याबाहेर पाऊलही टाकले नव्हते. लॅटिन गावी, तत्त्वज्ञान जुन्या गोव्यात. साकवाळला त्यांनी सेमिनरीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळाही चालवली होती. एक रोमचा, एक गोव्याचा. भाषा एक, जात एक, पाठवणारे वेगळे. भाविकांना पडलेला पेच खरा होता: कोणाच्या हातचे लग्न, कोणाच्या हातचा बाप्तिस्मा ग्राह्य? वाझ यांनी थॉमस यांच्याकडूनही अधिकार मागून घेतला आणि तंटा निवळवण्याचा प्रयत्न केला. १६८४ मध्ये थॉमस मंगळूरलाच वारले.

वाझ गोव्याला परतले आणि १६८५ मध्ये देशी धर्मगुरूंच्या ओरेटरी संघात दाखल होऊन त्यांनी त्याला आकार दिला. युरोपीयांनी बंद ठेवलेले दार आता आपले होते. पण त्या दाराला आपलाच अडसर लागला: संघात प्रवेश फक्त ब्राह्मणांना. १६८७ मध्ये वाझ डच अंमलाखालच्या सिलोनात मजुराच्या वेषात उतरले. त्यांच्यासोबत जुआंव हा कुणबी तरुण होता, घरचा गडी. जाफन्यात दोघांना हगवणीने गाठले आणि एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर दोघे तगले. पुढे कँडीच्या राजाने हेर समजून वाझ यांना कैदेत टाकले, तेव्हाही जुआंव सोबत होता. वाझ १७११ मध्ये कँडीत वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. चरित्रांतून जुआंवची ओळख आजही ‘वाझ यांचा सेवक’ अशीच छापली जाते.