एटीएक्स वीजपुरवठ्याची जोडणी

एटीएक्स वीजपुरवठ्याची जोडणी म्हणजे डेस्कटॉप संगणकातील वीजपुरवठा संचाच्या केबली मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व साठवणसाधने यांना योग्य ठिकाणी जोडण्याची पद्धत होय. भारतात या संचास सामान्यतः एसएमपीएस म्हणतात. हा संच घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे प्रामुख्याने १२, ५ व ३.३ व्होल्टच्या दिष्ट विजेत रूपांतर करतो. चुकीच्या जोडणीमुळे एखाद्या घटकास भलताच विद्युतदाब मिळाल्यास तो कायमचा निकामी होऊ शकतो.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या एटी रचनेत मदरबोर्डसाठी प्रत्येकी ६ पिनांचे, सारखेच दिसणारे दोन कनेक्टर असत. दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारीशेजारी ठेवाव्या लागत. त्यांची अदलाबदल झाल्यास मदरबोर्ड जळण्याचा धोका असे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकात त्यांची जागा २० पिनांच्या एकाच कनेक्टरने घेतली. पुढे तो २४ पिनांचा झाला. त्याच्या काही पिनांची घडण चौकोनी, तर काहींची कोपरे कापलेली असल्यामुळे तो उलटा बसत नाही.

प्रमुख कनेक्टर

- मुख्य कनेक्टर (२४ पिन): मदरबोर्डला वीज पुरवतो.
- प्रोसेसर कनेक्टर (८ पिन किंवा ४+४): बहुधा मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात जोडला जातो. तो राहून गेल्यास पंखे फिरतात, परंतु संगणक सुरू होत नाही.
- पीसीआय एक्सप्रेस कनेक्टर (६ किंवा ६+२ पिन): ग्राफिक्स कार्डसाठी असतो. मानकानुसार ६ पिनांतून ७५ वॅट, तर ८ पिनांतून १५० वॅट वीज मिळते.
- साटा कनेक्टर (१५ संपर्क): इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या खाचेचा हा कनेक्टर हार्ड डिस्क व एसएसडीसाठी वापरतात. एम.२ प्रकारच्या एसएसडीला स्वतंत्र केबल लागत नाही.

प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांच्या ८ पिनी कनेक्टरांत साम्य दिसले, तरी त्यांतील १२ व्होल्ट व ग्राउंड यांच्या बाजू परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी बळाने बसवणे धोक्याचे असते.

मॉड्युलर संच

मॉड्युलर संचाच्या केबली दोन्ही टोकांनी सुट्या होतात. घटकाकडील टोक मानकानुसार असते. संचाकडील टोकाच्या पिनांचा क्रम मात्र प्रत्येक उत्पादक आपापला ठरवतो. एकाच उत्पादकाच्या दोन मालिकांतही तो भिन्न असू शकतो. जुन्या संचाची केबल नव्या संचात व्यवस्थित बसली, तरी डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट येऊन डिस्क व तिच्यातील माहिती दोन्ही नष्ट होऊ शकतात. म्हणून संच बदलताना त्याच्यासोबत आलेल्या केबलीच वापरणे आवश्यक ठरते.

दक्षता

जोडणीपूर्वी संच बंद करून भिंतीवरील प्लग काढतात. कनेक्टरची पकड 'टक्' आवाजासह अडकेपर्यंत तो दाबतात. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमध्ये संपर्क अपुरा राहून उष्णता निर्माण होते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डांचे १६ पिनी कनेक्टर वितळल्याच्या घटनांमागे हे एक प्रमुख कारण आढळले. काही जुन्या संचांवर ११५/२३० व्होल्टची कळ असते. भारतात ती २३० वर असावी लागते. प्लग काढल्यावरही संचातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरत असल्याने संचाची पेटी उघडली जात नाही.