मिदी कालवा सायकलमार्ग
दक्षिण फ्रान्समधील कालव्याकाठचा सायकलमार्ग. प्येर-पॉल रीके याच्या आखणीनुसार १६६६–८१ या काळात खोदलेला, सु. २४० किमी. लांबीचा हा कालवा तुलूझ शहर भूमध्य समुद्राकाठच्या खारकच्छाशी जोडतो. नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने राखलेली वाट आज सायकलस्वार वापरतात. कालव्याची पातळी केवळ जलपाशांपाशी (लॉक) बदलते; त्यामुळे नोरूझचा जलविभाजक सु. १९० मी. उंचीवर असूनही चढ फारसा जाणवत नाही. बेझ्येनजीक फोंसेरान येथे मात्र जलपाशांची सलग रांग असून वाटही तेथे झपाट्याने उतरते.

तुलूझपासून सु. ५० किमी. वाट डांबरी आहे. पुढे ती अरुंद व कच्ची होते. वर आलेल्या मुळांमुळे हादरे बसतात, पावसात चिखल होतो. म्हणून रुंद टायरची सायकल सोयीची ठरते. काठावरील चिनार जातीचे हजारो वृक्ष २००६ नंतर बुरशीजन्य रोगामुळे तोडावे लागले. तेथे नवी लागवड चालू आहे. तुलूझच्या पश्चिमेस गारोन नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या दुसऱ्या कालव्याकाठचा मार्ग बहुतांशी डांबरी आहे. मिदी कालव्याचा १९९६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला.