‘डे-झी’ नावाच्या खेळाची चढती-उतरती कळा

एस.टी.च्या थांब्यावर किंवा गावच्या पारावर चार पोरे मोबाइलमध्ये डोके खुपसून बसली आहेत आणि मधूनच एखादा ‘मागं बघ, मागं बघ!’ म्हणून ओरडतो आहे, हे दृश्य तुम्ही पाहिले असेलच. शिक्षक मंडळींना तर ते नव्याने सांगायला नको. त्या खेळाचे नाव ‘पब्जी’. २०२० च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने त्याच्या मोबाइलवरील अवतारावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी तो नवे नाव धारण करून परत आला, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण या खेळाला एक आजोबा होता, आणि तो एका माणसाने नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, दुसऱ्याच्या सामानावर उभा केला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या आजोबाचे नाव ‘डे-झी’. त्याची ही हकिगत.

खेळाचा कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण चार महिन्यांत दहा लाख माणसे एका काल्पनिक, ओसाड मुलखात जातात आणि तिथे कायदा नाही, पोलीस नाही, पंच नाही असे पाहून एकमेकांशी कशी वागतात, याला मी तरी इतिहासच म्हणतो.

आधी ‘मॉड’ म्हणजे काय ते समजून घेऊ. कॉम्प्युटरवरचा गेम कंपनी तयार करते आणि विकते. पण काही कंपन्या आपल्या खेळाची अवजारे गिऱ्हाइकाला खुली ठेवतात. मग एखादा हौशी गडी त्यात फेरफार करतो, नवे नियम घालतो आणि आपले रूप लोकांना फुकट वाटतो. दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोट लावावी, तसा हा प्रकार. विहिरीच्या मालकाचीही त्याला हरकत नसते. कारण मॉड खेळायचा तर मूळ खेळ आधी विकत घ्यावाच लागतो!

इथली विहीर होती ‘आर्मा २’. चेक देशातल्या ‘बोहेमिया इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीने २००९ साली काढलेला हा लढाईचा खेळ. सैनिकी बारकावे त्यात इतके, की सामान्य खेळणारा कंटाळून उठावा. याच कंपनीच्या दुसऱ्या एका मालावर निरनिराळ्या देशांच्या सैन्यांचे शिक्षण चालत असे, यावरून काय ते समजा. या खेळात ‘चेर्नारूस’ नावाचा एक काल्पनिक मुलूख होता, सुमारे २२५ चौरस किलोमीटरांचा. उत्तर चेकमधल्या एल्ब नदीकाठच्या खऱ्या टेकड्या, खरी खेडी आणि खऱ्या वाटा पाहून तो रचला होता. मौज अशी, की चेक देशाला समुद्रच नाही. खेळातल्या कारागिरांनी मात्र त्या टेकड्यांच्या पायथ्याशी खुशाल समुद्र आणून ठेवला.

आणि मोट लावणारा गडी होता डीन हॉल, न्यूझीलंडच्या सैन्यात अधिकारी राहिलेला. २०१० च्या सुमारास सिंगापूरच्या सैन्याबरोबर तो ब्रुनेईच्या जंगलात शिक्षणासाठी गेला. जंगलात तगून राहण्याच्या त्या परीक्षेत त्याची उपासमार झाली, शरीराला गंभीर इजाही झाली. पोटात अन्न नसले म्हणजे माणूस कसा विचार करतो, कशाला घाबरतो, हे त्याने स्वतः भोगले. पुढे तो बोहेमिया कंपनीत कामाला लागला आणि रिकाम्या वेळात त्याने ‘आर्मा २’ वर आपला मॉड रचला. २०१२ च्या वसंतात तो लोकांच्या हाती पडला.

आता प्रत्यक्ष खेळ कसा ते पाहू. त्यात झॉम्बी होते. झॉम्बी म्हणजे हैतीमधल्या लोककथांतले चालते प्रेत. १९६८ सालच्या जॉर्ज रोमेरोच्या चित्रपटापासून ते माणसे खाणाऱ्या झुंडीच्या रूपात जगभर पसरले. आपला वेताळ निदान प्रश्न तरी विचारतो. हे नुसते धावून येते. चेर्नारूसात साथ येऊन बहुतेक माणसे अशी झाली आहेत आणि तुम्ही मात्र वाचला आहात. तुम्ही समुद्रकिनारी जागे होता. जवळ जवळजवळ काहीच नाही. कुठे जायचे, काय मिळवायचे, कोणी सांगत नाही. भूक लागते, तहान लागते, पावसात भिजले तर थंडी भरते. रात्र झाली की खरोखरीचा मिट्ट काळोख पडतो. बॅटरी लावावी तर दुरून दिसतो, न लावावी तर पाय कुठे पडतो ते कळत नाही. एखाद्या पडक्या घरात घेवड्याच्या शिजवलेल्या दाण्यांचा एक डबा सापडला, तर राज्य मिळाल्यागत वाटे.

आणि मेलात की मेलात! इतर खेळांत माणूस मरतो आणि पुन्हा उठतो. इथे दहा दिवस खपून जमवलेली बंदूक, नकाशा, औषधे, सगळे त्या प्रेतापाशी राहायचे आणि तुम्ही पुन्हा रिकाम्या हातांनी किनाऱ्यावर. खेळाच्या संकेतस्थळावर तिथल्या माणसाचे सरासरी आयुष्य मांडलेले असे. सुरुवातीच्या दिवसांत ते अर्ध्या तासाच्या आसपास होते.

पण झॉम्बींची भीती दोन दिवसांत मोडे. खरी भीती होती ती त्याच रानात हिंडणाऱ्या दुसऱ्या जित्या माणसाची. एका सर्व्हरवर चाळीस-पन्नास माणसे असत, कोणी जर्मनीतले, कोणी अमेरिकेतले. समोरच्या झाडीत कोणी हलले, तर तो मित्र की वैरी? माईकवर विचारायचे, ‘मित्र आहेस का?’ तो ‘हो’ म्हणे. पण ‘हो’ म्हणणारा पाठीत गोळी घालणार नाही कशावरून? त्याच्याही मनात तोच प्रश्न. म्हणून कित्येक जण विचारण्याच्या भानगडीतच पडत नसत. आधी गोळी, मग चौकशी.

तरी हॉलने या अविश्वासात एक गोम ठेवली होती. अंगातले रक्त फार गेले, तर रक्ताची पिशवी चढवावी लागे, आणि मूळ खेळात ती स्वतःची स्वतःला चढवता येत नसे. दुसरा माणूसच लागायचा. ज्याला पाहून पळायचे, त्याच्यापुढेच हात पसरायचा! असे अनोळखी लोकांचे प्राण वाचवायला मैलोन्‌मैल धावणारे खेळाडूही निघाले. उलट, माणसे मारत सुटणाऱ्याचे ‘माणुसकी’चे गुण कमी होत जात आणि त्याचा वेष दरोडेखोराचा होई. माणुसकी आकड्यात मोजायची ही कल्पना मला अजून पुरती पटलेली नाही. पण मोजायचा यत्न केला एवढे खरे.

जाहिरात नव्हती. खेळणारे आपापली हकिगत सांगत, तिची चित्रफीत काढत, आणि ऐकणारा पुढचा गिऱ्हाईक होई. तीन वर्षांचा जुना ‘आर्मा २’ अचानक विक्रीच्या यादीत पहिल्या जागेवर चढला. लाखो लोकांनी तो केवळ या मॉडसाठी घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये खेळाडूंची संख्या दहा लाखांवर गेली, आणि त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले, की हॉलच्या हाताखाली ‘डे-झी’ स्वतंत्र खेळ म्हणून काढू.

इथून उतार सुरू झाला, असे मला वाटते.

एक तर उघड्या विहिरीवर चोरही येतात. ज्या मोकळेपणामुळे हॉलला मॉड रचता आला, त्याच मोकळेपणातून लबाडांनी आपले मंत्र घुसवले; एकाने कळ दाबावी आणि सर्व्हरवरची सगळी माणसे जागच्या जागी मरून पडावीत, असे होऊ लागले. दहा दिवसांची कमाई अशा रीतीने गेल्यावर माणूस पुन्हा किनाऱ्यावर कशाला उतरेल? मग लोकांनी खाजगी सर्व्हर काढले, आपापले नियम केले. कुठे सुरुवातीलाच बंदुका वाटल्या, कुठे घरे बांधायला परवानगी. एका वाड्याच्या दहा भाऊवाटण्या झाल्या. शिवाय मूळ कर्त्याचे लक्ष आता नव्या घराच्या बांधकामाकडे.

ते नवे घर २०१२ च्या अखेरीस मिळायचे होते. मिळाले १६ डिसेंबर २०१३ ला, आणि तेही अर्धवट. कंपनीने स्वतःच बजावले होते, की काम अपुरे आहे, नीट समजून घेतल्यावाचून खरेदी करू नका. पण ऐकतो कोण! पहिल्या चोवीस तासांत १,७२,५०० प्रती खपल्या, महिन्याभरात दहा लाख. पैसे आले, मात्र दुरुस्ती काही केल्या सरेना. २०१४ संपता संपता हॉल स्वतः सोडून गेला आणि न्यूझीलंडमध्ये त्याने आपली कंपनी थाटली. पूर्ण म्हणून शिक्का बसायला १३ डिसेंबर २०१८ उजाडला. तोवर पहिले पाहुणे केव्हाच उठून गेले होते. पुढे या स्वतंत्र खेळाने पुष्कळ डागडुजी करून पुन्हा आपला प्रेक्षक मिळवला, हे सांगितले पाहिजे. पण २०१२ चा तो मॉड मागे पडला तो पडलाच.

दरम्यान नकलाही झाल्या. २०१२ च्या डिसेंबरात ‘द वॉर झी’ नावाची एक आली, आणि जाहिरातीत सांगितलेले खेळात नाही म्हणून तिची विक्री काही काळ थांबवावी लागली. २०१३ मध्ये ‘रस्ट’ आला, त्याने काही दिवसांनी झॉम्बी काढूनच टाकले. झॉम्बींवाचून काही अडत नव्हते म्हणा!

त्याच २०१३ साली ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश गृहस्थाने ‘डे-झी’वर आपली मोट लावली, म्हणजे मॉडवर मॉड. एका जपानी चित्रपटावरून त्याने नियम घेतला, की सगळ्यांनी एका मैदानात उतरायचे आणि शेवटी एकच उरायचा. त्यातूनच तो पुढे दक्षिण कोरियातल्या एका कंपनीत गेला आणि २०१७ मध्ये ‘पब्जी’ निघाला. तिथून तो मोबाइलवर, आणि मोबाइलवरून आपल्या पारावर.

ग्रीनने काय ठेवले आणि काय टाकले, ते पाहण्यासारखे आहे. मोठा मुलूख ठेवला, पडक्या घरांतली शोधाशोध ठेवली, रिकाम्या हातांनी उतरणे ठेवले. भूक गेली, तहान गेली, रात्रीचा काळोख गेला. समोरच्याला ‘मित्र आहेस का?’ विचारायची गरजच उरली नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले. ‘डे-झी’त जे सरासरी आयुष्य होते, तेवढ्या अर्ध्या तासात इथला अख्खा डाव आटोपतो. जखमी होऊन पडलेल्याला उठवण्याची सोय ‘पब्जी’तही आहे, फक्त पडलेला आणि उठवणारा दोघे एकाच टोळीचे असावे लागतात.